तळ्याचे दोन-दहा

“वल्हं उचल. पाण्यात मारू नकोस,” हॅटीने दबक्या आवाजात हुकूम सोडला.

“उचललंच आहे. तुझंच टपटप गळतंय,” मागे बसलेला अमोस म्हणाला.

हॅटी मेरियम बारा वर्षांची, तिचा भाऊ अमोस दहा वर्षांचा. शाळेला सुट्टी लागताच, दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे, ती दोघे अमेरिकेच्या मेन राज्यातल्या कॉर्डवेल तळ्याकाठी आजोबांच्या घरी दाखल झाली होती. पिशव्या उघडायच्या आधीच त्यांनी कॅनू पाण्यात लोटली, आणि त्याला कारणही तसेच होते. कित्येक वर्षांनी यंदा लिलींच्या कोपऱ्यात लून पक्ष्यांच्या जोडीने घरटे केले होते. आत दोन अंडी होती. ती उबून पिल्ले बाहेर यायला अजून दोन आठवडे लागतील, असा मोठ्यांचा अंदाज होता.

कॅनू आपल्याच वेगाने लिलींच्या पानांमधून सरकत गेली. समोर गवताचा एक लहानसा उंचवटा होता, आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो देखणा पक्षी आपला लाल डोळा रोखून बसला होता.

“घरटं इतकं आत का?” अमोस पुटपुटला.

प्रश्न योग्य होता. लून पाण्यातला राजा खरा, पण त्याचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात, त्यामुळे जमिनीवर त्याला धड दोन पावले टाकता येत नाहीत. म्हणून तो अगदी पाण्याच्या कडेला घरटे बांधतो. पाण्यातून अंग वर सरकवले की अंड्यांवर बसता आले पाहिजे. येथे मात्र पाणी आणि घरटे यांच्यामध्ये काळ्या चिखलाचा रुंद पट्टा पसरला होता, आणि त्या चिखलातून पाण्यापासून थेट घरट्यापर्यंत एक खोल चर गेला होता.

“कुणीतरी काहीतरी ओढत नेलंय,” हॅटी म्हणाली.

“पोतं?”

“पोतं कशाला ओढतील? बोट. बोट चिखलात चढवली की तळ असाच घासत जातो. कुणीतरी थेट अंड्यांपर्यंत गेलंय.”

“बोटीच्या तळाची खूण टोकदार उमटते. हा चर गोल आहे.”

“तू दहा वर्षांचा आहेस, अमोस.”

“त्याने चराचा आकार बदलतो का?”

तेवढ्यात मोटरबोटीचा आवाज जवळ आला. सोलांज सिर येत होती. सोलांज हॅटीच्याच वयाची. उन्हाळाभर ती तळ्याच्या मधल्या बेटावर आपल्या आजीजवळ राहत असे, आणि लहान मोटर बसवलेली ॲल्युमिनियमची एक बोट सराईतपणे चालवत असे. या तिघांची टोळी सहा उन्हाळे जुनी होती. घरट्याची बातमीसुद्धा सोलांजनेच फोनवरून कळवली होती.

“आलात एकदाचे,” सोलांज हसत म्हणाली. “बघितलंत ना? दोन अंडी आहेत.”

“दोन आहेत हे तुला कसं कळलं?” हॅटीने विचारले.

“डोळ्यांनी.”

“पक्षी वर बसलेला असताना?”

“दोघं आळीपाळीने बसतात. एक उठतो, दुसरा बसतो. मधे दिसतात.” सोलांजचे हसू थोडे कमी झाले. “का गं?”

“किती जवळ गेली होतीस?”

“जेवढं जायला हवं तेवढं.”

“मग हा चर कसला?”

सोलांजने चराकडे पाहिले, मग हॅटीकडे. “तू मला विचारतेयस की सांगतेयस?”

“विचारतेय.”

“तसं वाटत नाही,” सोलांज म्हणाली. तिने मोटरची दोरी खेचली, बोट वळवली आणि ती निघून गेली.

“बघितलंस?” हॅटी भावाला म्हणाली. “उत्तर देता आलं नाही.”

“दिलं नाही,” अमोस म्हणाला. “दोन्हींत फरक आहे.”

उत्तर आधीच ठरवून विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो, हे हॅटीला कोणीतरी वेळीच सांगायला हवे होते. कोणी सांगितले नाही.

शनिवारी संध्याकाळी तळ्याकाठच्या सर्व कुटुंबांचे एकत्र जेवण होते. काकवीत दिवसभर शिजवलेला घेवडा, वाफवलेला तपकिरी पाव आणि लोणच्याच्या बरण्या यांनी लांबलचक टेबले भरली होती. या तळ्यावर एक जुनी रीत आहे. उन्हाळ्यात पहिल्यांदा भेटलेली माणसे नमस्काराच्या जागी एकमेकांना विचारतात, “दोन-दहा?” आणि समोरचा म्हणतो, “दोन-दहा.” याचा अर्थ असा की बंधाऱ्याजवळ पाणी दोन फूट दहा इंचांवर आहे. ही पातळी पूर्वजांनी पुष्कळ वाद घालून ठरवली होती. पाणी त्याहून चढले की लूनची घरटी बुडतात, उतरले की कोरडी पडतात. म्हणून लून अंड्यांवर असेपर्यंत या पातळीला कोणीही धक्का लावत नाही.

यंदा बंधारा सांभाळण्याचे काम हॅटीच्या आजोबांकडे आले होते. जुने रखवालदार फ्लोरिडाला कायमचे राहायला गेले, आणि एव्हरेट मेरियम यांच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा कोण होता? ते निवृत्त न्यायाधीश. अख्खे तळे त्यांना जज्जसाहेब म्हणत असे.

“दोन-दहा, जज्जसाहेब?” तळ्याच्या मंडळाच्या अध्यक्ष पेल्कीबाई यांनी वाढता वाढता विचारले.

“दोन-दहा. रोज सकाळी स्वतः जाऊन बघतो,” आजोबा ताठ मानेने म्हणाले. “वसंतात बर्फ फुटला तेव्हा पाणी मोजायची जुनी लाकडी पट्टी मोडली. आता सरकारने छान लोखंडी बसवलीय. मी आलो तेव्हा पाणी भलतंच वर होतं. बरोबर आकड्यावर आणलं.”

“मग लूनची काळजी मिटली.”

“नाही मिटली,” हॅटी मोठ्याने म्हणाली.

हॅटीने चिखलातल्या चराची हकीकत सांगितली. सांगता सांगता तिचा आवाज धीट होत गेला, आणि शेवटी तिने नावही घेतले. सोलांज समोरच ताटली घेऊन उभी होती.

“सोलांज, हे खरं आहे का?” पेल्कीबाईंनी विचारले.

“नाही.”

“मग तो चर कसा पडला, बेटा?”

“मला माहीत नाही.”

“माहीत नाही, हा काही बचाव होत नाही,” आजोबा म्हणाले. “आणि बारा वर्षांच्या मुलीच्या हाती मोटरबोट द्यावी का, हा प्रश्न मंडळाने एकदा विचारात घ्यायला हवाच होता.”

पेल्कीबाईंनी सुस्कारा टाकला. पुढच्या शनिवारी मंडळाची सभा होती, तीत निर्णय होणार असे ठरले. निर्णय विरुद्ध गेला तर सोलांजची मोटर उन्हाळाभर काढून ठेवली जाणार होती. बेटापासून काठ लांब, मधे वारा जोराचा. मोटर गेली म्हणजे तिला सुट्टीभर बेटावरच बसून राहावे लागणार होते.

सोलांजने ताटली तशीच टेबलावर ठेवली. घेवड्याला तिने हातही लावला नव्हता. “येते मी, पेल्कीबाई,” एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अमोसने धक्क्यावरून तळ्यात उडी मारली आणि गुडघा सोलून घेतला.

“शिडीची खालची पायरी वर आलीय,” तो लंगडत येऊन म्हणाला. “गेल्या वर्षी ती पाण्यात असायची. मी तिच्याखाली पाय अडकवून बसायचो.”

“तू उंच झालायस.”

“माझे पाय उंच झाले म्हणून पायरी कोरडी झाली का?”

अमोसला घडीची फूटपट्टी खिशात घेऊन फिरायची सवय होती. शेजारच्या मोठ्या खडकावर पाण्याच्या जुन्या पातळीची काळी रेघ स्पष्ट दिसत होती. त्याने तिच्यापासून खाली पाण्यापर्यंत पट्टी धरली.

“पावणेनऊ इंच,” तो म्हणाला. “हॅटी, तळं पावणेनऊ इंच उतरलंय.”

“आजोबा रोज बघतात. दोन-दहा आहे.”

“खडकही रोज बघतो.”

हॅटीला हसू आले नाही. रात्रीपासून तिला ती न खाल्लेली ताटली आठवत होती. “चल,” ती म्हणाली. “आधी घरट्याकडे जाऊ. लांबून बघू.”

लिलींच्या कोपऱ्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी आळीपाळीने दुर्बीण डोळ्यांना लावली. घरट्यावरचा पक्षी उठला आणि त्याने चिखलावर अंग टाकले. छाती घासत, पंख आपटत, पाय मागे निरुपयोगी काठ्यांसारखे ढकलत तो पाण्याकडे सरकू लागला. मधे दोनदा थांबला. अखेर पाण्यात पोहोचला तेव्हा त्याची पांढरीशुभ्र छाती चिखलाने काळी झाली होती. लगेच त्याचा जोडीदार त्याच वाटेने, तसाच घासत, वर चढू लागला. चर आणखी थोडा खोल झाला.

हॅटीने दुर्बीण खाली ठेवली.

“बोट नव्हती,” ती म्हणाली.

“नव्हती.”

“मी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं.”

अमोसने वल्हे पाण्यात घातले. “बंधाऱ्यावर जाऊ या,” तो म्हणाला.

बंधारा जुना, दगडी होता. मधल्या खाचेत लाकडी फळ्या एकावर एक बसवलेल्या होत्या. फळी काढली की तळे तेवढे उतरे, घातली की तेवढे चढे. शेजारच्या भिंतीवर नवी कोरी लोखंडी पट्टी होती, आणि पाणी तिच्यावर ठळक लिहिलेल्या २.१० या आकड्याला बरोबर टेकले होते.

“घे. दोन-दहा,” हॅटी म्हणाली. तिचा आवाज खचला. “आजोबा बरोबर आहेत. मग पाणी गेलं कुठे?”

अमोस पालथा पडून पट्टी बघत होता. “या आकड्याच्या वर काय लिहिलंय, वाच.”

“दोन-वीस.”

“त्याच्या वर?”

“दोन-तीस. दोन-चाळीस. असं करत दोन-नव्वद, मग तीन.”

“फुटात इंच किती?”

“बारा. पाळण्यातलं पोरही सांगेल.”

“मग दोन फूट वीस इंच म्हणजे काय?”

हॅटीने पट्टीवरचे आकडे पुन्हा खालपासून वाचले.

“या पट्टीवर इंच नाहीतच,” अमोस उठून बसला. “फुटाचे शंभर भाग केलेत. जमीन मोजणारे लोक वापरतात ना, तसली पट्टी आहे ही. दोन-दहा म्हणजे दोन फूट आणि शंभरातले दहा.”

“म्हणजे फक्त एक दशांश फूट.”

“सव्वा इंचही नाही. आणि पाहिजे होते दहा इंच.”

हॅटी झटकन उठली. हिशेब कागदावर उतरल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे, आणि कागद नसल्यामुळे तिने मऊ दगडाचा एक तुकडा उचलून बंधाऱ्याच्या सपाट शिळेवर लिहायला सुरुवात केली.

“दहा इंच म्हणजे फुटाचे दहा छेद बारा. वर-खाली दोनाने भागलं की पाच छेद सहा. आता पाचाला सहाने भागू. शून्य पूर्णांक आठ, तीन, तीन... हे संपतच नाही.”

“शतांशापर्यंत पुरे. त्र्याऐंशी.”

“म्हणजे पाणी या पट्टीवर २.८३ ला हवं होतं. आहे २.१० ला. वजा केले की उरले शून्य पूर्णांक त्र्याहत्तर फूट. त्याचे इंच करायचे, म्हणून गुणिले बारा.” दगडाचा तुकडा शिळेवर करकरत फिरला आणि थांबला. “आठ पूर्णांक शहात्तर शतांश.”

“पावणेनऊला एवढासा जास्त,” अमोस हळूच म्हणाला. “खडकावर पावणेनऊ मिळाले होते.”

काठावरच्या गवतात बंधाऱ्यातून काढलेल्या फळ्या पडल्या होत्या. दोन पूर्ण आणि एक उभी चिरलेली अर्धी. अमोसने त्या मोजल्या. साडेतीन, साडेतीन आणि पावणेदोन. बेरीज त्याने बोलूनही दाखवली नाही. अडीच फळ्यांचे पावणेनऊ इंच तिथे गवतात आडवे पडलेले दोघांनाही दिसत होते.

हॅटीने त्यातली एक फळी उचलून धरली.

“आपण आत्ताच बसवू या,” हॅटी एकदम म्हणाली. “गुपचूप. आजोबांना कळणारही नाही. त्यांना आयुष्यात कुणी चूक म्हटलेलं नाही, अमोस. पाणी चढेल, लून सुखी होतील, सगळं मिटेल.”

“आणि सोलांज?”

हॅटीने मान वळवली. तिने सुचवलेल्या त्या युक्तीत सगळ्यांची सोय होती, एकटी सोलांज सोडून.

“आजोबांना मी सांगते,” ती म्हणाली. “नाव मी घेतलं होतं.”

आजोबा बंधाऱ्यावर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. “दोन-दहा म्हणजे दोन-दहा,” ते म्हणाले. “आकडा लिहिलाय, पाणी टेकलंय. यात समजावून सांगण्यासारखं काय आहे?”

हॅटीने शिळेवरचा हिशेब दाखवला. आजोबांनी चष्मा न लावताच तो पाहिला. “दशांश, शतांश ही शाळेतली खेळणी आहेत. मी तुमच्या आजीशी लग्न केलं तेव्हापासून या तळ्यावर दोन-दहा ऐकतोय.”

“आजोबा,” अमोस म्हणाला, “दोन फूट नऊ इंच या पट्टीवर कुठे असेल, दाखवता?”

“दहाच्या खाली. आणखी कुठे?”

“बोट ठेवून दाखवा ना.”

आजोबा गुडघ्यावर बसले. त्यांचे बोट २.१० च्या खाली गेले, तिथे २.०० होते. ते थबकले. बोट पुन्हा वर आले, २.२० वरून, २.५० वरून, हळूहळू २.९० पर्यंत गेले आणि तिथेच राहिले. नवाचा एकुलता एक मोठा आकडा तिथे होता, दहाच्या कितीतरी वर.

“नऊ दहाच्या वर?” ते स्वतःशीच म्हणाले.

आजोबांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि शिळेवरचा हिशेब पहिल्या ओळीपासून वाचला. अखेरच्या आकड्यावर त्यांनी तळहात ठेवला.

“त्या मुलीला मी बचाव विचारला,” ते म्हणाले. “भर जेवणात.” मग ते उठले आणि कोट काढून अमोसच्या हाती दिला. “फळ्या द्या इकडे.”

अडीच फळ्या पुन्हा खाचेत बसल्या. सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला. हॅटीला वाटले, काम झाले. अमोसने मात्र काठाशी एक काठी रोवून पाण्याजवळ चाकूने खूण केली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तो ती पाहायला गेला.

“पाव इंच,” तो परत येऊन म्हणाला.

“चढलं ना? मग?”

“पावसाचं नाव नाही, तळ्यात येणारा ओढा बारीक झालाय. दिवसाला पाव इंच. पावणेनऊ इंचांत पाव इंच किती?”

हॅटीने मनात भागाकार केला. एका इंचात चार पाव. आठ इंचांत बत्तीस, पाऊण इंचात तीन. “पस्तीस,” ती म्हणाली. “पस्तीस दिवस.”

“आणि अंड्यांना हवेत दोन आठवडे.”

गणितात कोठेही चूक नव्हती. हॅटीने ते पुन्हा करून पाहिले, आणि चूक सापडावी म्हणून आयुष्यात प्रथमच तिने मनापासून प्रार्थना केली.

“पाणी घरट्याकडे जाणार नसेल,” ती शेवटी म्हणाली, “तर चर खोल करून पाणी तिथपर्यंत नेऊ. म्हणजे लून पोहत घरट्याशी जाईल. पण त्याला सपाट तळाची बोट लागेल, आणि चिखलात बोट थोपवून धरणारं कुणीतरी.”

“म्हणजे सोलांज.”

बेटाच्या धक्क्यावर सोलांज मासेमारीचे दोर सोडवत बसली होती. हॅटीने सगळे सांगितले. चर कोणाचा, पाणी कोणी सोडले, काहीही लपवले नाही. “माझं चुकलं, सोलांज,” ती शेवटी म्हणाली.

“इथे कोण ऐकतंय?” सोलांजने दोरावरची नजर न काढता विचारले. “माझं नाव तू साठ माणसांत घेतलंस. माफी बेटावर येऊन मागतेस, बगळ्यांसमोर.”

“शनिवारी सभेत मागेन.”

“मग तेव्हा बघू.” ती उठली आणि छपरीतून दोन फावडी घेऊन आली. “मी पक्ष्यांसाठी येतेय. तुझ्यासाठी नाही. अमोस, फावडं धर, आणि पायावर पाडू नकोस.”

पेल्कीबाईंनी परवानगी दिली, पण खुशीने नव्हे. “घरट्याजवळ माणूस आला की लून मान लांब करून आडवी टाकतो,” त्या बोटीत दुर्बीण घेऊन बसत म्हणाल्या. “तशी टाकली की मी हात वर करीन. हात वर झाला की ज्याचं फावडं जिथे असेल तिथून मागे फिरायचं. एक ढेकूळसुद्धा जास्त नाही.”

तिघांनी पाण्याकडून खणायला सुरुवात केली. चिखल फावड्याला चिकटत होता, माशा कानांत शिरत होत्या. सोलांज बोट वल्ह्याने रोवून धरत असे, हॅटी खणत असे आणि अमोस चिखल मागे नेऊन टाकत असे. पाणी त्यांच्यामागोमाग चरात शिरत होते. दोघींमध्ये कामापुरते शब्द होत होते. “डावीकडे.” “थांब.” “आता मार.” एकदा हॅटी सपशेल पालथी पडली, तेव्हा सोलांजच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिले. तिने ते ओठांत दाबले, आणि हॅटीला ते पडण्यापेक्षा जास्त लागले.

चराचा दोन तृतीयांश भाग खणून झाला होता. तेवढ्यात घरट्यावरच्या पक्ष्याने मान लांब करून गवतावर आडवी टाकली.

पेल्कीबाईंचा हात वर गेला.

“एक तृतीयांशच उरलाय,” हॅटी काकुळतीने म्हणाली.

“मागे,” पेल्कीबाई म्हणाल्या.

ती मागे फिरली. लांबून पाहिले तेव्हा जोडीदार पक्षी नव्या पाण्यातून पोहत आला, चर संपला तिथे क्षणभर थांबला, आणि उरलेले अंतर छातीवर घासत वर चढला. पण चढला. त्या संध्याकाळी हॅटी प्रथमच पोटभर जेवली.

शुक्रवारी सकाळी घरटे रिकामे होते.

उथळ पाण्यामुळे तो उंचवटा मागच्या बाजूने काठाला जोडला गेला होता, हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. चिखलावर रॅकून या अंडीचोर प्राण्याच्या, लहान मुलाच्या हातांसारख्या पंज्यांच्या खुणा झाडीतून आल्या होत्या आणि झाडीत परत गेल्या होत्या. घरट्यात हिरवट कवचाचे तुकडे होते. तळ्याच्या मधोमध दोन्ही लून एकमेकांजवळ तरंगत होते, आणि त्यांच्यातला एक अधूनमधून तो लांब, वर चढत जाणारा हाकारा देत होता. आजोबा धक्क्यावर उभे राहून ऐकत होते. त्यांना नाश्त्याला बोलवायला कोणी गेले नाही.

शनिवारच्या सभेत आजोबा प्रथम बोलले. ते न्यायासनावरून बोलत तसेच, सरळ आणि थोडक्यात बोलले. पाणी त्यांनी सोडले होते. पट्टी त्यांनी वाचली होती, समजून घेतली नव्हती. अंडी त्यांच्यामुळे गेली. “मिस सिर,” ते सोलांजकडे वळून म्हणाले, “मी तुम्हाला पुराव्याशिवाय दोषी धरलं. न्यायाधीश असतो तर माझा निकाल वरच्या कोर्टाने फेकून दिला असता, आणि योग्यच केलं असतं. मी तुमची क्षमा मागतो.”

मग हॅटी उभी राहिली. तिने घरून वाक्ये जुळवून आणली होती, ती सगळी विसरली. “मी विचारलं नाही, मी ठरवलं,” ती म्हणाली. “सोलांजने काहीही केलेलं नव्हतं. मी खोटं बोलले नाही, पण जे बोलले ते खरं नव्हतं.” आणि ती खाली बसली.

सोलांजच्या मोटरचा प्रश्न निकालात निघाला. पेल्कीबाईंनी लोखंडी पट्टीवर २.८३ ला लाल रेघ मारण्याचा ठराव मांडला, आणि रोज सकाळी ती वाचण्याचे काम अमोसकडे दिले. “आमच्यासारख्या साठ मोठ्या माणसांना जे दिसलं नाही, ते या मुलांनी फूटपट्टीने, दगडाच्या तुकड्याने आणि चौथीच्या गणिताने शोधून काढलं,” त्या म्हणाल्या. “आणि शोधून काढल्यावर, स्वतःच्या घरचं नाव निघतंय हे दिसत असूनही, ते सांगितलं. हे तळं तुमचं ऋणी आहे.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अमोस कानांपर्यंत लाल झाला. हॅटीने टाळ्या वाजवणाऱ्यांत सोलांजला शोधले. तीही वाजवत होती, पण अमोसकडे बघून.

बाहेर पडताना हॅटीने तिला गाठले. “सोलांज.”

“ऐकलं मी,” सोलांज म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हॅटीला बरे वाटले असते. “ठीक आहे, हॅटी.”

“मग उद्या?”

सोलांजने थोडा विचार केला. “उद्या सकाळी मी मासे पकडायला जाणार आहे. अमोसला यायचं असेल तर मी धक्क्यावरून घेईन त्याला.”

“आणि...”

“बोट लहान आहे,” सोलांज म्हणाली. तिघे सहा उन्हाळे त्याच बोटीत बसत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅटी धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसली होती. धुके विरत होते. बोट आली, अमोस चढला. “लवकर येतो,” तो बहिणीला म्हणाला, आणि बोट निघाली.

लिलींच्या कोपऱ्याच्या तोंडाशी मोटरचा आवाज एकदम बंद झाला. हॅटीने दुर्बीण डोळ्यांना लावली. सोलांजने मोटर वर कलती करून पाण्याबाहेर काढली, वल्ही कड्यांत बसवली आणि ती हलक्या हाताने, एकही लाट न उठवता, रिकाम्या घरट्यापासून पुष्कळ लांबून वल्हवत जाऊ लागली. तिथे आता जपण्यासारखे काही उरले नव्हते. पण तिच्या हातांना विचारावे लागत नव्हते. मोटर कुठे बंद करायची, वल्हे कुठे उचलून धरायचे, कोणत्या लिलीच्या पानापाशी वळायचे, घरटे झाल्यापासूनच्या सवयीने सगळे त्यांना पाठ होते.

हॅटी ती बोट दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली.